पांढरे पातळ हिरवे का दिसते?



पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम रविवारी असतो आणि शुक्रवारी रात्री घरात फोटोची शोधाशोध सुरू होते. आजीचा बहुधा एकच फोटो असतो, जत्रेतल्या स्टुडिओत रंगवलेल्या पडद्यापुढे उभे राहून काढलेला. आजोबांचा असला तर गिरणीच्या ओळखपत्रावरचा, पोस्टाच्या तिकिटाएवढा. नातू मोबाईलवर त्याचा फोटो घेतो, घरच्या प्रिंटरवर मोठा करून छापतो, आणि कागद बाहेर येतो तेव्हा आजीचे पांढरे पातळ शेवाळल्यासारखे हिरवट झालेले असते. दुसऱ्यांदा छापावे तर गुलाबी. मुळात फोटो काळा-पांढरा, मग त्यात रंग शिरला कुठून? ही तक्रार अलीकडे इतक्या घरांतून कानावर येते की या खेपेचे सदर आम्ही तिलाच देऊन टाकले आहे.

आधी कारण समजून घेऊ, म्हणजे उपाय लक्षात राहतील. जुन्या फोटोतला काळेपणा हा चांदीचा असतो. कागदावरच्या थरात चांदीचे अतिशय बारीक कण असतात. जिथे कण दाट तिथे काळे, जिथे विरळ तिथे करडे, जिथे नाहीत तिथे पांढरे. एकच पदार्थ, म्हणून एकच रंग. घरच्या प्रिंटरचे तसे नाही. त्याच्यात चार शाया असतात: आकाशी, किरमिजी, पिवळी आणि काळी. फोटोतला करडा रंग तो पहिल्या तीन शाया मोजून-मापून एकत्र करून तयार करतो. तिघांनी मिळून ओझे उचलावे तसा हा प्रकार. तिघांचा जोर सारखा आहे तोवर ओझे सरळ राहते, एक जण जरा जरी ढिला पडला की ते एका अंगाला कलते. कागदावर दिसणारी रंगाची झाक म्हणजे हे कलणे.

तुम्ही म्हणाल, काळी शाई आहे ना, मग तिनेच का छापत नाही? याला दोन कारणे आहेत. फिकट भागात काळा ठिपका एकटा पडला की तो डोळ्याला टोचतो, चेहऱ्यावर मिरी सांडल्यासारखी दिसते. म्हणून फिकट छटांसाठी यंत्र काळी शाई टाळते आणि तिन्ही रंगांचे विरळ ठिपके टाकते. पांढरे पातळ, पांढरा सदरा, पिकलेले केस हे सगळे नेमके याच फिकट छटांत येतात. झाक आधी तिथेच दिसते ती त्यामुळे. दुसरे कारण असे की पुष्कळ घरगुती प्रिंटरमधली काळी शाई ही अक्षरे ठळक यावीत म्हणून पिगमेंटची, म्हणजे न विरघळणाऱ्या बारीक कणांची केलेली असते. चकचकीत फोटो पेपरवर ती नीट बसत नाही, हात फिरवला तर निघते. असा प्रिंटर ग्लॉसी कागदाची सेटिंग दिसली की काळी शाई बाजूला ठेवतो आणि गडद काळा रंगसुद्धा तीन रंगांतूनच काढतो. लाल साडी किंचित वेगळी लाल छापली गेली तर कुणाच्या लक्षात येत नाही. करड्या रंगाचे मात्र डोळ्याला फार लवकर कळते. ज्याला आपण सोपा, बिनरंगी फोटो समजतो तो यंत्राच्या दृष्टीने सर्वांत अवघड असतो, हे पक्के ध्यानात ठेवावे.

आता झाक कुठून येते ते शोधायचे. पहिला संशय फोटोच्या फाईलवर घ्यावा. जुना फोटो स्वतःच पिवळा पडलेला असतो. त्या काळी घाईत फोटो पुरेसा धुतला गेला नाही तर त्यात हायपोचा अंश राहायचा, आणि वर्षानुवर्षे तो चांदीला पिवळट-तपकिरी करत राहायचा. मोबाईलने फोटो घेताना एकीकडून खिडकीचा आणि दुसरीकडून बल्बचा उजेड पडला असेल तर अर्धा फोटो निळसर आणि अर्धा पिवळट येतो, तो भाग वेगळाच. तेव्हा फ्लॅश बंद करून, खिडकीजवळच्या सावलीत, घरातले दिवे मालवून फोटो घ्यावा. स्कॅनर मिळाला तर उत्तमच. लहान फोटो ६०० डीपीआयवर स्कॅन करावा आणि तो रंगीतच करावा.

काळा-पांढरा फोटो रंगीत स्कॅन कशाला, असे विचाराल तर त्यातच एक चांगली युक्ती आहे. रंगीत फाईल ही तांबडी, हिरवी आणि निळी अशा तीन थरांची असते. पिवळा डाग निळ्या थरात काळाकुट्ट दिसतो, तर तांबड्या थरात जवळजवळ दिसतच नाही. म्हणून पिवळ्या पडलेल्या फोटोचा काळा-पांढरा फोटो करताना नुसता तांबडा थर घ्यावा, निम्मे डाग आपोआप नाहीसे झाल्यासारखे वाटतात. उलट, ओळखपत्रावरच्या फोटोवर कचेरीचा निळा शिक्का अर्ध्या चेहऱ्यावर उमटलेला असेल तर निळा थर बघावा, त्यात शिक्का फिका पडतो. गिम्प नावाचा एक मोफत प्रोग्रॅम आहे, त्यात मोनो मिक्सर नावाची सोय याच कामाची. मूळ रंगीत फाईल तशीच जपून ठेवावी आणि सगळा खटाटोप तिच्या प्रतीवर करावा.

फाईल एकदा ग्रेस्केल केली, म्हणजे तिच्यातला रंग पूर्ण काढला, की पहिला संशयित सुटला. यानंतर कागदावर जी झाक येईल ती प्रिंटरची, कागदाची, नाही तर उजेडाची. मोबाईलच्या पडद्याशी ताडून मात्र बघू नये. पुष्कळ मोबाईलमध्ये रात्री डोळ्यांना त्रास होऊ नये म्हणून पडदा आपोआप पिवळट होतो. ताडायचेच असेल तर शेजारी एखादी साधी झेरॉक्स ठेवावी. तिच्यातली काळी भुकटी एकाच रंगाची असते, तिच्याशेजारी हिरवे हिरवे दिसते आणि गुलाबी गुलाबी.

उजेडाबद्दल दोन शब्द, कारण इथे पुष्कळांचा कागद उगाच वाया जातो. तीन शायांचा करडा रंग सकाळच्या उजेडात अगदी शुद्ध दिसेल आणि तोच कागद रात्री ट्यूबलाइटखाली हिरवट वाटेल. कागद बदललेला नसतो. ट्यूबच्या आणि हलक्या प्रतीच्या एलईडी दिव्यांच्या प्रकाशात सगळे रंग सारख्या प्रमाणात नसतात आणि आकाशी, किरमिजी, पिवळी या शाया त्याला वेगवेगळा प्रतिसाद देतात. चांदीच्या फोटोला ही अडचण जवळजवळ येत नाही. तेव्हा रात्री अकरा वाजता छापून रात्रीच निकाल देऊ नये. सकाळी दहाच्या सुमारास पडवीत किंवा खिडकीशी, थेट ऊन नसेल अशा जागी फोटो बघावा. तिथे तो ठीक दिसला तर छपाईत दोष नाही. फोटो जिथे लावायचा तिथला दिवा बदलून पाहावा. खोक्यावर सीआरआय ९० किंवा त्याहून जास्त लिहिलेला दिवा घेतला तर फरक कळतो. शिवाय नुकत्याच छापलेल्या कागदाचा रंग वाळताना थोडा सरकतो. एक दिवस उघडा राहू द्यावा, लगेच प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबू नये.

सकाळच्या उजेडातही झाक राहिली, तर प्रिंटरकडे वळावे. प्रत्येक प्रिंटरमध्ये नोझल चेक नावाची चाचणी असते. तिने कागदावर चारही शायांच्या बारीक रेघांची जाळी छापली जाते. एखाद्या रंगाच्या रेघा तुटक असतील तर त्या शाईचे तोंड बुजले आहे असे समजावे. कोणती शाई कमी पडली ते झाकेवरूनही ओळखता येते. किरमिजी कमी पडली तर आकाशी आणि पिवळी उरतात, त्यांचे हिरवे होते. आजीचे पातळ हिरवे होण्यामागे हेच कारण पुष्कळदा निघते. आकाशी कमी पडली तर फोटो तांबूस होतो. पिवळी कमी पडली तर निळसर होतो, आणि हे निळसर काही जणांना आवडतेही, त्यामुळे दोष महिनोन् महिने ध्यानात येत नाही.

उपाय म्हणून हेड क्लीनिंगचे बटण असते. ते एकदा, फार तर दोनदा दाबावे. राग येऊन दहा वेळा दाबणारे आहेत. त्यात शाईच्या टाक्या रिकाम्या होतात आणि सगळी शाई प्रिंटरच्या पोटातल्या स्पंजात जाऊन बसते. दोनदा करून उपयोग झाला नाही तर प्रिंटर रात्रभर तसाच ठेवावा, सकाळी पुन्हा चाचणी घ्यावी. वाळलेली शाई कधी कधी तेवढ्या वेळात सैल पडते. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत, त्यातही विदर्भ-मराठवाड्यातल्या कोरड्या उन्हाळ्यात, प्रिंटर पंधरा दिवस पडून राहिला की तोंडे बुजतातच. आठवड्याला एक रंगीत पान छापत जावे. पान कसलेही चालेल, मुलांनी काढलेले चित्र छापा.

रेघा पूर्ण आल्या आणि तरीही रंग दिसतो, असे झाले तर कागदाची सेटिंग बघावी. प्रिंट देताना जी चौकट उघडते तिच्यात कागदाचा प्रकार विचारलेला असतो आणि बहुतेक जण तिथे हात लावत नाहीत. आत फोटो पेपर आणि चौकटीत साधा कागद असेल तर यंत्र साध्या कागदाच्या हिशेबाने शाई ओतते. साधा कागद शाई पितो, फोटो पेपर वर धरून ठेवतो, प्रमाण बिघडणारच. कागदाच्या पाकिटावर जे लिहिले आहे त्याच्या जवळात जवळचा प्रकार निवडावा. याच चौकटीत फोटो आपोआप सुधारण्याची एक खूण असते. तीही काढून टाकावी, आणि तिच्याबद्दल आम्हांला थोडे अधिक बोलायचे आहे.

ही आपोआप सुधारणा चेहरा ओळखते आणि तो उजळ करते. मोबाईलमधली कित्येक ॲपही तेच करतात. उन्हातान्हात राबलेल्या आपल्या आजीचा चेहरा सावळा होता. जुन्या स्टुडिओतसुद्धा काही ठिकाणी निगेटिव्हवर पेन्सिल चालवून चेहरे गोरे करून देत. आता ते काम यंत्र न विचारता करते. त्यात कपाळावरच्या आठ्या, गालफडे, गोंदण, डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्या, सारे पुसले जाते आणि उरतो तो एक गुळगुळीत पांढरट चेहरा. तो कुणाचाही असू शकतो. सावळ्या चेहऱ्यातले बारकावे गडद करड्या छटांत असतात, त्या छटा जपायच्या असतील तर फोटो उजळ करू नये. फार तर पार्श्वभूमी किंचित हलकी करावी. काळ्या-पांढऱ्या फोटोत रंग भरून देणारी ॲपही आली आहेत. ती साडीचा रंग अंदाजाने ठरवतात. आजीची साडी निळी होती की मोरपंखी हे घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारले तर निदान तो विचारण्यालायक माणूस असतो. असो.

संगणकावरून छापणाऱ्यांच्या बाबतीत आणखी एक भानगड होते. एकाच फोटोला दोन मालक होतात. फोटोचा प्रोग्रॅम म्हणतो रंग मी सांभाळतो, आणि प्रिंटरही म्हणतो मीच सांभाळतो. एकाने केलेल्या दुरुस्तीवर दुसरा पुन्हा दुरुस्ती करतो आणि फोटो बहुतेक वेळा लालसर किंवा किरमिजी होऊन बाहेर पडतो. नोझल नीट, कागद नीट आणि तरी सगळा फोटो गुलाबी असेल तर हे तपासावे. घरच्या कामाला रंगांची व्यवस्था प्रिंटरकडे सोपवावी, प्रोग्रॅममध्ये तसा पर्याय असतो. आणि प्रोग्रॅमकडेच ठेवायची असेल तर प्रिंटरच्या चौकटीत रंगदुरुस्ती बंद करावी.

शाईचेही सांगायला हवे. कंपनीची मूळ शाई महाग पडते म्हणून बाजारातली सुटी शाई भरली जाते. परवडत नाही त्याला कोण काय बोलणार? पत्रिका, मुलांचे प्रकल्प, अर्ज यांना ती चालून जाते. पण प्रिंटरने तीन शायांचे जे प्रमाण धरलेले असते ते मूळ शाईसाठी. वेगळ्या शाईची किरमिजी वेगळी, मग करड्या रंगाचा तोल जातो.

इतके करूनही थोडी झाक उरली तर ती हाताने काढता येते. त्यासाठी आधी एक पट्टी करावी. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत अकरा चौकोन, प्रत्येक आधीच्यापेक्षा दहा टक्क्यांनी फिका. ही पट्टी त्याच फोटो पेपरच्या लहान तुकड्यावर छापावी आणि सकाळच्या उजेडात बघावी. सगळे चौकोन सारखेच हिरवट असतील तर काम सोपे आहे. रंगदुरुस्तीच्या चौकटीत किरमिजी दोन-तीन अंशांनी वाढवावी आणि पुन्हा पट्टी छापावी. गुलाबी म्हणजे किरमिजी झाकेला हिरवा, निळ्या झाकेला पिवळा, लालसर झाकेला आकाशी, असे हे विरुद्ध रंगांचे जोड आहेत. एका वेळी एकच रंग हलवावा आणि पट्टीच्या मागे आकडे पेन्सिलीने लिहावेत, नाही तर चौथ्या पट्टीला काय केले होते ते आठवत नाही. काही प्रिंटरमध्ये ग्रेस्केलची खूण केली की ही दुरुस्तीची चौकटच बंद होते. तिथे फाईल काळी-पांढरीच ठेवून छपाई मात्र रंगीत म्हणून द्यावी. पण फिकट चौकोन गुलाबी आणि गडद चौकोन हिरवे असे दिसले तर आकडे हलवत बसू नये. एक बाजू सुधारली की दुसरी बिघडेल. त्या कागदाचे आणि त्या शाईचे जमत नाही, कागद बदलावा.

आमचा स्वतःचा कल सांगायचा तर भिंतीवर लावायच्या फोटोसाठी आम्ही ग्लॉसीचा हट्ट सोडायला सांगू. जाडसर मॅट कागद घ्यावा, चौकटीत मॅट किंवा साधा कागद निवडावा आणि ग्रेस्केलची खूण करावी. बऱ्याच प्रिंटरमध्ये अशा वेळी मुख्यतः काळी शाईच वापरली जाते आणि झाकेचा प्रश्नच मिटतो. जवळून पाहिले तर फिकट भागात रवाळपणा दिसतो, पण आठ बाय दहाचा फोटो कुणी नाकाला लावून बघत नाही. याच्याही उलट मार्ग आहे. करडा रंग काही केल्या सरळ येईना तर साऱ्या फोटोला मुद्दाम हलकी तपकिरी छटा द्यावी. तपकिरीत थोडे इकडे-तिकडे झाले तर डोळा माफ करतो. शनिवारी रात्री वेळच उरला नसेल तर कोपऱ्यावरच्या दुकानात काळ्या-पांढऱ्या लेझर प्रिंटरवर छापून आणावा. ठिपके दिसतील, हिरवे पातळ दिसणार नाही.

स्टुडिओत छापायला दिलेला फोटोही कधी हिरवट येतो, तेव्हा भांडायला जाण्यापूर्वी हे माहीत असू द्यावे की तिथला कागद रंगीत फोटोचा असतो. त्यावर काळा-पांढरा फोटोही तीन रंगांच्या थरांतूनच तयार होतो. एक कोपरा नमुन्यादाखल छापून दाखवा, असे आधीच म्हणावे. चांगला स्टुडिओवाला नाही म्हणत नाही. निव्वळ काळ्या-पांढऱ्या फोटोंसाठी काळी, करडी आणि फिकट करडी अशा तीन काळ्या जातीच्या शाया असलेले प्रिंटरही असतात. एपसनने २००५ मध्ये के३ नावाने तशा शाया आणल्या. घरी घेण्याची ती वस्तू नव्हे, पण मोठ्या शहरातल्या एखाद्या छपाईवाल्याकडे मिळू शकते. घरातला एकुलता एक फोटो मोठा करायचा असेल तर तेवढा खर्च करायला हरकत नाही.

आणखी एक. फोटो आज बिनरंगी आला तरी वर्षा-दोन वर्षांत तो रंग धरू शकतो. साध्या विरघळणाऱ्या शायांतली प्रत्येक शाई वेगळ्या गतीने उडते, मग उरलेल्या दोघींचा रंग वर येतो. ऊन येते त्या भिंतीवर फोटो लावू नये, स्वयंपाकघराजवळ नको, आणि मेणबत्ती-अगरबत्ती फोटोच्या अगदी खाली न लावता हातभर पुढे लावावी. चौकटीत काच असावी, पण फोटो काचेला टेकू नये. पावसाळ्याच्या दमटपणात तो काचेला चिकटतो आणि सोडवताना चेहराच निघून येतो. मधे पुठ्ठ्याची पट्टी घातली की झाले. मूळचा लहान फोटो भिंतीवर लावू नये, तो कोऱ्या कागदाच्या पाकिटात अंधारात ठेवावा. त्याच्या मागे मऊ पेन्सिलीने नाव, गाव आणि अंदाजे साल लिहावे. बॉलपेनने लिहू नये, दाब पुढच्या बाजूला उमटतो.